दोनशे किलोमीटरचं जॉब कार्ड

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं लेथचं छोटं शॉप आहे. दोन लेथ, एक ड्रिल, एक जुनं मिलिंग आणि हाताखाली दोन पोरं. शॉपमधल्या प्रत्येक जॉबला एक पिवळं कार्ड लागतं. जॉब मशीनवर कधी चढला, सेटिंगला किती वेळ गेला, प्रत्यक्ष कटिंग किती आणि मशीन नुसतं उभं किती, हे त्यावर लिहायचं. गिऱ्हाईक दर पाडून मागायला लागलं की मी ही कार्डं काढून बसतो. नुकसान बहुतेक वेळा त्या शेवटच्या रकान्यात सापडतं.

सायकलच्या नादात हेच कार्ड कामाला आलं. लांबची राइड मारून आल्यावर तिचा हिशोब कसा मांडायचा आणि त्यातनं पुढच्या वेळची तयारी कशी काढायची, ते इथं सांगतो. माझं उदाहरण फसलेल्या राइडचं आहे. जमलेल्या राइडचं कार्ड कोण भरत बसतंय?

राइड अशी होती: कोल्हापूर, गगनबावडा, करूळ घाट उतरून वैभववाडी, तिथनं फोंडा, फोंडा घाट चढून दाजीपूर, राधानगरी आणि परत घर. गगनबावडा ५५ किलोमीटर, दाजीपूरहून घर ८०, मधलं कोकणातलं आणि घाटातलं धरून दोनशेच्या आसपास. एका घाटानं सह्याद्री उतरायचा आणि दुसऱ्यानं चढायचा. वेळ धरली साडेतेरा तास. हा आकडा बीआरएमचा आहे. पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबच्या नियमांनी जगभर या लांब पल्ल्याच्या राइड होतात. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास. ही शर्यत नसते, पहिला-दुसरा नंबर नसतो. वेळेत आलात की झालं. या सगळ्यांची थोरली बहीण म्हणजे पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस. १८९१ साली पहिल्यांदा झाली, आता दर चार वर्षांनी होते, १२०० किलोमीटर आणि ९० तास. तिकडं जायचं माझं काही ठरलेलं नाही. पण दोनशेला साडेतेरा तास म्हणजे ताशी पंधराच्याही आतला वेग. शाळेची घंटा झाल्यावर पोरं घराकडं याहून जोरात जातात. मी आणि माझा भाचा, दोघांनाही वाटलं, हे आपण सहज मारतोय.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी सकाळी ६.२० ला निघालो, रात्री ९.५५ ला परत आलो. पंधरा तास पस्तीस मिनिटं. वेळेपेक्षा दोन तास पाच मिनिटं जास्त.

जिन्यात बसूनच भाच्यानं निकाल लावला. "मामा, सायकल लई जड हाय तुमची. कार्बनची घ्या आता." मी म्हटलं, माझं वय झालं. बायको दारात उभी राहून म्हणाली, "एवढं लांब जाऊन परत घरातच यायचं हुतं तर गेलासा कशाला?"

तीन कारणं, तिन्ही त्या रात्री एकदम खरी वाटत होती. म्हणून पहिली गोष्ट: राइडच्या रात्री काहीही ठरवायचं नाही. सायकल विकायची नाही, नवीन घ्यायची नाही, पुन्हा कधी जाणार नाही असं कुणाला सांगायचंही नाही. आंघोळ करा, दहीभात खा, झोपा.

कार्ड कसं भरायचं

दोन दिवसांच्या आत भरा. तिसऱ्या दिवशी आठवणी गुळगुळीत होतात. चढ कमी वाटायला लागतो, चहाचे थांबे विसरतात.

तुम्ही म्हणाल, वाटेत कोण वेळ लिहीत बसणार. लिहायची गरज नाही, तुमच्या फोननं ते आधीच केलेलं असतं. मी तीन जागा बघितल्या. एक, काढलेले फोटो. प्रत्येकावर वेळ असते. दोन, चहा-नाश्त्याचे फोनवरनं दिलेले पैसे. मेसेजमध्ये मिनिटासकट सगळं येतं, आणि पैसे आपण उठताना देतो, म्हणून ती थांबा संपल्याची वेळ धरायची. तीन, भाच्याच्या फोनमधलं सायकलचं ॲप. त्यात दोन वेळा दिसतात, एक चाक फिरत होतं ती आणि एक निघाल्यापासून पोचेपर्यंतची. पोरं पहिली वेळ बघून खूश होतात, कारण सरासरी वेग तिच्यावर निघतो. आपल्याला दोन्ही पाहिजेत. पहिली म्हणजे कटिंग टाइम. दुसरीतनं पहिली वजा केली की मशीन किती वेळ उभं होतं ते कळतं.

आमचं चाक फिरत होतं ११ तास १० मिनिटं. म्हणजे वेग ताशी जवळजवळ अठरा. साडेतेरा तासांतनं हे वजा केलं तर थांबायला २ तास २० मिनिटं शिल्लक राहतात. आम्ही थांबलो होतो ४ तास २५ मिनिटं.

दोनदा बेरीज केली. मग शॉपमधल्या पोराला करायला लावली.

थांबे असे निघाले: कळे इथं चहा आणि भाच्याचा ओळखीचा एक जण भेटला, २५ मिनिटं. गगनबावड्यात मिसळ आणि फोटो, ५५. करूळ घाटात दरीकडं तोंड करून आणखी फोटो, २०. वैभववाडीच्या अलीकडं पंक्चर, ५०. फोंड्यात जेवण, ४५. फोंडा घाटात एका झाडाखाली आडवं पडणं, ४०. दाजीपुरात १५, राधानगरीत १५.

आता हे नुसतं लिहून उपयोग नाही. प्रत्येक थांब्यापुढं एक शब्द लिहायचा: लागणारा, लांबलेला किंवा टाळता येणारा. चहा लागणारा होता, पण दहा मिनिटांचा. पंक्चर टाळता येणार नाही, पण पन्नास मिनिटं का लागली ते विचारता येतं. आणि झाडाखालचे चाळीस? ते लिहिताना मी जरा अडखळलो. त्यांचं मूळ आधीच्या कुठल्या तरी ओळीत होतं. ते शोधायला कार्ड उलट्या बाजूनं वाचावं लागतं.

आम्ही फोंडा घाटाच्या पायथ्याला होतो दुपारी २.५० ला. फेब्रुवारी सरता सरता, कोकणाच्या बाजूला, पोटात नुकतंच भरपेट जेवण. घाट तिथं अवघड नव्हता, वेळ अवघड होती. २.५० का झाले? कारण फोंड्यात जेवलो, वैभववाडीत अडकलो, गगनबावड्यात रमलो. आणि सगळ्यात आधी, निघालोच ६.२० ला. पाचला निघायचं ठरलं होतं, मग भाच्याचा पाण्याच्या बाटलीचा स्टँड सापडेना. म्हणजे घाटातली झोप ही स्टँडपासून सुरू झाली होती.

पिशवी ओता

कार्डाचा दुसरा भाग शब्दांचा नाही. सायकलवरची सगळी पिशवी जेवणाच्या टेबलावर ओतायची आणि काय वापरलं, काय तसंच परत आलं, याचे दोन ढीग करायचे. न वापरलेल्या ढिगात माझं जाड जर्किन, एक कुलूप, चार चिक्क्या आणि अख्खा खजुराचा डबा निघाला. म्हणजे मी घाटात अंगातलं संपून आडवा पडलो तेव्हा माझ्या पाठीमागच्या पिशवीत चार चिक्क्या होत्या.

सगळ्यात वाईट वस्तू होती ती स्पेअर ट्यूब. ती दोन्ही ढिगांत बसेना.

पंक्चर मागच्या चाकाला झालं. चाक काढलं, टायर एका बाजूनं उचलला, जुनी ट्यूब बाहेर ओढली, नवीन काढली आणि तिचा व्हॉल्व्ह रिमच्या भोकात जाईना. माझ्या रिमचं भोक बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हचं, साडेसहा मिलिमीटर. ट्यूब होती जाड व्हॉल्व्हची, मोटरसायकलला असतो तसली, तिला साडेआठचं भोक लागतं. दुकानातनं घेताना मी टायरचा आकडा वाचला होता, व्हॉल्व्ह बघितला नव्हता. आयुष्यभर दोन मिलिमीटरच्या फरकावर भांडलेला माणूस, आणि रस्त्याकडेला हातात तीच दोन मिलिमीटर. शॉपमध्ये ड्रिलला लावून दोन मिनिटांत भोक मोठं केलं असतं. इथं जुन्या ट्यूबला पॅच मारत बसलो.

पॅच मारून हवा भरली, शंभर मीटर गेलो आणि पुन्हा चाक बसलं. कारण मी टायरच्या आतनं हात फिरवला नव्हता. दुसऱ्या वेळी फिरवला. बोटांना काही लागेना. मग भाच्यानं गळ्यातला रुमाल दिला, तो टायरच्या आतल्या बाजूनं हळूहळू ओढत नेला आणि एका जागी त्याचा धागा अटकला. तिथं केसाएवढी बारीक स्टीलची तार, बाहेरनं दिसतही नव्हती. ट्रकचे टायर फुटतात त्यातल्या असतात या तारा, रस्त्याच्या कडेला पडून राहतात आणि आपण सायकलवाले कडेनंच चालतो. नखानं निघेना, शेवटी दातानं ओढली. नेलकटर पिशवीत ठेवा, दात वाचतील.

तेव्हा पंक्चरचं असं करा. ट्यूब घेताना साइझ आणि व्हॉल्व्ह दोन्ही बघा. एक नाही, दोन ट्यूब न्या, आणि पॅचचं किट वेगळं. घरी एकदा मागचं चाक काढून, ट्यूब बदलून, परत बसवून बघा आणि त्याला घड्याळ लावा. मला पहिल्या वेळी बावीस मिनिटं लागली. आता नऊ लागतात. नवीन ट्यूब घालायच्या आधी टायरच्या आतनं रुमाल किंवा कापूस फिरवायचा, हे कधीच चुकवायचं नाही.

दुखलं कुठं, किती किलोमीटरला

कार्डाचा तिसरा रकाना शरीराचा. "गुडघा दुखला" असं लिहून काही हाती लागत नाही. कुठल्या बाजूला, कुठून सुरू झालं आणि कशानं थांबलं ते लिहा. माझा उजवा गुडघा पुढच्या बाजूनं, वाटीच्या खाली, वैभववाडीच्या पुढं दुखायला लागला. त्याआधी शंभरच्या राइडला कधी दुखला नव्हता.

गुडघा पुढनं दुखला तर बहुतेकदा सीट खाली असते, मागनं दुखला तर वर, असं सायकलवाले सांगतात. पण माझी सीट तर मोजून लावलेली होती. मग सायकल शॉपमध्ये नेली आणि सीटपोस्टकडं, म्हणजे सीटखालच्या दांड्याकडं, नीट बघितलं. क्लॅम्प जिथं आवळलेला असतो तिथं पोस्टवर एक घासलेली रिंग उमटते. ती रिंग आत्ताच्या क्लॅम्पच्या खाली गेलेली होती. पोस्ट बाहेर काढून व्हर्नियर लावला, चौदा मिलिमीटर. खड्ड्यांतनं आपटत आपटत सीट दिवसभरात चौदा मिलिमीटर खाली उतरली होती आणि मला ते कळलंही नव्हतं. भाचा म्हणत होता तशी सायकल जड नव्हती, बुटकी झाली होती.

उपाय पाच रुपयांचा. सीट बरोबर उंचीला लावली की क्लॅम्पच्या लगेच वर पोस्टभोवती इन्सुलेशन टेपचा एक फेरा मारायचा. प्रत्येक थांब्यावर त्याच्याकडं नजर टाकायची. टेप क्लॅम्पला चिकटून दुमडली असेल तर सीट सरकली. क्लॅम्प आणि पोस्टवरचं तेल-ग्रीस पुसून क्लॅम्प आवळा, पण जोर काढून आट्या उडवू नका. उंची लावायची सोपी रीत अशी: सीटवर बसून भिंतीला हात टेका, टाच पेडलवर ठेवा, पेडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. मग चवड्यानं पेडल मारताना गुडघ्यात आपोआप थोडा वाक राहतो.

हाताला मुंग्या आल्या, मान धरली, बूड दुखलं, ते सगळं लिहा, पण बुडाच्या दुखण्यावर लगेच जाड गादीची सीट घेऊ नका. मऊ सीट तासाभराला बरी, दहा तासांना नाही. आत गादी शिवलेली सायकलची चड्डी घ्या आणि तिच्या आत दुसरं काही घालू नका. हे सांगताना मलाही लाज वाटली होती.

एका वेळी एकच बदल

इथं बहुतेक जण चुकतात. कार्ड बघून उत्साह येतो आणि पुढच्या रविवारी सीट, बूट, टायर, खाणं, सगळं एकदम बदलतात. लेथवर जॉबला फिनिश येत नसेल तर स्पीड, फीड आणि डेप्थ तिन्ही एकदम फिरवायची नसतात, नाहीतर सुधारलं कशानं आणि बिघडलं कशानं हे कधीच कळत नाही. मी पावसाळा उतरल्यापासून प्रत्येक रविवारला एकच गोष्ट धरली. एका रविवारी फक्त सीट. पुढच्या रविवारी फक्त खाणं. त्याच्या पुढच्याला फक्त थांबे.

सरावाचं फार सांगत नाही. आठवड्यात दोन दिवस तासभर, रविवारी लांब. साठ, ऐंशी, शंभर, मग एक रविवार हलका, मग सव्वाशे, दीडशे. दोनशेच्या आधी दोनशे मारायची गरज नसते. चढासाठी आपल्याला पन्हाळा आणि जोतिबा दारातच आहेत. वाघबीळपासून वर पन्हाळ्याला एकदा चढा, खाली या, पुन्हा चढा. दुसऱ्या वेळी कुठल्या गिअरमध्ये बोलता येतं ते बघा, तोच तुमचा घाटाचा गिअर. पेडल दाबून चढू नका, हलक्या गिअरवर फिरवत चढा. चढ सुरू व्हायच्या आधी गिअर उतरवा, अंगावर आल्यावर चेनवर जोर असताना उतरवायला गेलात तर चेन पडते.

खाण्याचं मात्र नीट सांगतो, कारण आम्ही कोल्हापूरकर तिथंच मार खातो. गगनबावड्यातली ती मिसळ. चव भारी होती, दोन वाट्या जादा कट घेतला. शॉपमध्ये डेप्थ ऑफ कट, म्हणजे एका फेरीत कापायची खोली, जास्त घेतली की लेथ कण्हतं, पोटाचंही तसंच झालं. तेल आणि तिखट पोटात राहिलं आणि पायाला त्यातलं दोन तास काही मिळालं नाही. फोंड्यातलं जेवणही तसंच, भाकरी, भात, आमटी, सगळं. मग घाट.

लांबच्या राइडला भूक लागायच्या आधी खायचं असतं, थोडं थोडं, चालत्या सायकलवर. ताशी तीस ते साठ ग्रॅम पिठूळ-गोड, म्हणजे कर्बोदकं, पोटात जायला पाहिजे, असा सर्वसाधारण हिशोब धरतात. एका मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम येतात. मी आता हँडलला पुढं छोटी पिशवी बांधतो. तिच्यात गुळाचे बोराएवढे खडे, शेंगदाणे, खजूर, चिक्कीचे आधीच फोडून ठेवलेले तुकडे. पाठीमागच्या पिशवीतलं खाणं हे नसल्यासारखंच, कारण त्यासाठी थांबावं लागतं आणि आपण थांबत नाही. फोनवर दर पस्तीस मिनिटांनी बेल लावली. बेल झाली की खायचं, इच्छा असो नसो. पाण्याच्या एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत ओआरएस. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा, आणि सपाट भरलेला. वर लिंबू पिळा. मिसळ घरी आल्यावर खा, कुठं पळून जात नाही.

थांब्यांचं मी शॉपसारखं केलं. थांबायच्या आधीच ठरवायचं काय काय करायचं: बाटल्या भरणे, लघवी, सीटची टेप बघणे, पिशवी भरणे. सायकलवरनं उतरताना घड्याळ बघायचं. खुर्चीत बसायचं नाही, उभ्यानं चहा प्यायचा. बसलेला माणूस पंधरा मिनिटांच्या आत उठत नाही. बीआरएममध्ये म्हणे ब्रेव्हे कार्डावर, म्हणजे राइडच्या नोंदीच्या कार्डावर, वाटेतल्या प्रत्येक कंट्रोलला, म्हणजे तपासणीच्या ठिकाणी, वेळ पडते. ते ऐकून मला हसू आलं, तिकडंही पिवळ्या कार्डाशिवाय चालत नाही.

अंधार, ट्रॉली आणि गवे

फोंडा घाट सकाळी चढायचा तर घरातनं पहाटे चारला निघायला पाहिजे. पण आमच्याकडं थंडी म्हणजे ऊसतोडीचा हंगाम, आणि गगनबावड्याच्या रस्त्यावर रात्रभर ट्रॅक्टर चालतात. तेव्हा अंधारातल्या उसाच्या ट्रॉलीबद्दल थोडं.

डिसेंबरात कळ्याच्या पुढं मला समोर काहीच दिसत नव्हतं, नुसता टेपरेकॉर्डरचा आवाज येत होता. मग माझ्या बॅटरीच्या उजेडात एकदम उसाची भिंत उभी राहिली. डबल ट्रॉली, मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टरवर चिखल. दोन्ही बाजूंनी हातभर वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, बाहेर आलेले. तिच्या मागं जास्त वेळ राहायचं नाही, वरनं मोळी सुटते, खाली पडलेल्या उसावरनं चाक घसरतं. ओलांडायलाही घाई नको, कारण दुसरी ट्रॉली वळणावर पहिलीपेक्षा जास्त आतल्या बाजूला येते. सरळ रस्ता मिळेपर्यंत वीस-पंचवीस मीटर मागं राहा, समोरनं कोणी नाही बघा, ओरडून ड्रायव्हरला कळवा आणि मग लांबनं पुढं जा. घंटी त्या गाण्यात ऐकू जात नाही. पुढं दोन लाइट असू द्या, एक बिघडली तर दुसरी. मागं लाल, अंगावर रिफ्लेक्टरचं जॅकेट, डोक्याला हेल्मेट. अंधारात सायकल चालवायला मजा येते असं लिहिणारे उसाच्या पट्ट्यात राहत नसावेत.

करूळ घाट उजेडात उतरायचा. निघायच्या आधी तो चालू आहे का विचारून घ्या. रस्त्याच्या कामासाठी तो बरेच महिने बंद होता, पावसाळ्यात दरडीही येतात. तो बंद असेल तर गगनबावड्याहूनच भुईबावडा घाट उतरतो, पण मग पुढचं अंतर बदलतं. उतारावर ब्रेक वळणाच्या आधी मारा, वळणात नाही. दोन्ही ब्रेक, दाबा-सोडा, दाबा-सोडा. रिम ब्रेकच्या सायकलला सतत दाबून ठेवलं तर रिम तापते. मी निम्म्यावर थांबून रिमला बोट लावलं आणि लगेच काढलं.

दाजीपूरचा पट्टा दिवसाच ओलांडा. राधानगरीचं हे अभयारण्य १९५८ पासूनचं, गव्यांसाठी प्रसिद्ध. पहिल्या वेळी आम्ही दाजीपूरहून संध्याकाळी निघालो आणि वळणावर एक गवा रस्त्यात उभा. म्हैस म्हणून भाचा पुढं निघाला होता. पायाकडं बघा, गुडघ्याखाली पांढरे मोजे घातल्यासारखे दिसतात. अशा वेळी थांबायचं, लाइट तोंडावर मारायची नाही, घंटी नाही, फोटो नाही. तो गेला की त्याच्यामागनं आणखी येतात, म्हणून दोन मिनिटं जास्त थांबायचं. हा थांबा मी कार्डावर धरलेला नाही, तो गव्याच्या खात्यावर.

दुसरं कार्ड

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी चारला निघालो. सायकल तीच, भाचा तोच. बाटलीचा स्टँड आदल्या रात्रीच सायकलला आवळून ठेवलेला. गगनबावड्यात ७.१० ला, नुकतं उजाडलेलं, धुकं. मिसळीच्या हॉटेलाकडं भाच्यानं एकदा बघितलं, एकदा माझ्याकडं. पंधरा मिनिटांत निघालो. फोंड्याचा पायथा १०.१० ला सोडला. चार तास चाळीस मिनिटं आधी, झाडांची सावली अजून रस्त्यावर होती. घाट चढायला पहिल्यापेक्षा पाच मिनिटं जास्तच लागली, पण आडवं पडायला लागलं नाही. दाजीपूर १२.१०. मग राधानगरीचं पाणी डावी-उजवी करत खाली. हळदी गावात उसाचा रस, दहा मिनिटं, आणि पाचच्या ठोक्याला कोल्हापुरात, गंगावेशीत दूध कट्ट्यावर.

चाक फिरत होतं ११ तास २५ मिनिटं, थांबलो १ तास ३५. एकूण तेरा तास. चालवली पंधरा मिनिटं हळू आणि पोचलो अडीच तासांहून जास्त आधी. भाच्यानं त्यानंतर कार्बनचं नाव काढलेलं नाही. निदान माझ्यासमोर तरी.

कट्ट्यावर म्हशी यायला लागल्या होत्या. समोर काढलेल्या दुधाचे दोन-दोन ग्लास घेतले आणि घरी गेलो. त्याच रात्री कार्ड भरायला बसलो. रात्री काही ठरवायचं नाही हा नियम फसलेल्या राइडसाठी आहे. बायकोनं ते उचलून वाचलं.

"तेरा तास कुठलं? चारला निघालासा आणि घरात आलासा तवा साडेपाच वाजून पाच मिनिटं झालीती. मी घड्याळ बघितलंय."

"गंगावेशीत पाचला संपली की राइड."

"निघताना घर धरलासा आणि येताना म्हशी?"

दारापासून दारापर्यंत धरलं तर तिच्या हिशोबानं तेरा तास पस्तीस. मर्यादेपेक्षा पाच मिनिटं जास्त. शेऱ्याच्या रकान्यात तिनं स्वतःच्या हातानं "नापास" लिहिलं आणि भाकऱ्या थापायला गेली. तिच्या अक्षराखाली मी बारीक लिहून ठेवलं: भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढं आहे.